तिसरी रांग, अकरावी पिन

दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून ती दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, वरून तिसऱ्या पायरीवर, मांडीवर आपला जुना संगणक घेऊन बसली होती. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, नुसता तो पत्र्याचा उभा डबा. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती. तिने आपला रेनकोट डब्याला घातला होता आणि स्वतः भिजली होती.

खालून पावलं वाजली. एक तरुण वर येत होता. गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग, आणि दोन्ही हातांत धरलेला चहाचा कप. कप अर्धाच भरलेला होता. तिच्यापाशी येऊन तो थांबला, रेनकोटातल्या डब्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"कधी गेला?"

तिने हसू गिळलं. "काल. दुपारी सव्वातीनला."

"वय?"

"नऊ वर्षं."

"म्हणजे पुष्कळ जगला. काही त्रास होता?"

"धाप लागायची. शेवटी शेवटी तर पंखा असा ओरडायचा, की आत्या म्हणायची, त्याला एकदाचं सोडव गं."

"शेवटी काही बोलला?"

"निळा पडदा आला. वर काहीतरी इंग्रजीत लिहिलेलं."

"बहुतेक जण तेच बोलतात." तो गंभीरपणे तिच्या खालच्या पायरीवर बसला आणि कप पुढे केला. "घ्या. अशा वेळी चहा चालतो."

"हा अर्धाच आहे. त्यातला अर्धा मी घेऊ?"

"मी अर्धाच आणतो," तो म्हणाला. "सांडायची सवय आहे."

तिने कप घेतला. चहा चांगला कढत होता. तिला तसाच लागायचा — ओठ भाजतील असा.

"तुम्ही इथले डॉक्टर का?"

"कंपाउंडर. डॉक्टर म्हणजे माझा मामा. चार वाजता कुलूप उघडेल." मग जरा थांबून तो म्हणाला, "तोवर... मी बसतो इथेच. मयताजवळ एकट्या माणसाने बसू नये."

*

दुकान म्हणजे एक लांबट खोली. छतापर्यंत खोकी, मधोमध एक टेबल, टेबलावर दिवा. मामा काउंटरमागे बसत आणि भाच्याला सगळ्यांसारखं 'भिंग' म्हणत. या दुकानाच्या दोन रीती होत्या. मदरबोर्ड विकताना खोकं गिऱ्हाइकासमोर उघडायचं, प्रोसेसर बसवायच्या चौकोनी खाचेवरचं काळं झाकण काढायचं आणि आतल्या पिना भिंगातून गिऱ्हाइकाला दाखवायच्या. हजारावर पिना, केसाइतक्या बारीक, सगळ्या एका दिशेला कललेल्या. गिऱ्हाइकाने पाहून म्हणायचं, "सगळ्या सरळ." त्यानंतर पिन वाकली तर ती ज्याच्या हातून वाकली त्याची. ही रीत मामांची. दुसरी रीत भाच्याने वर्षभरापूर्वी सुरू केली होती : प्रोसेसर ज्याचा त्याने स्वतःच्या हाताने बसवायचा. तो शेजारी उभा राहून शिकवणार. लोकांना हे फार आवडलं होतं. मामा अभिमानाने सांगत, "बाकीचे विकतात, आमचं भिंग शिकवतं."

तिने पर्समधून यादी काढली.

"ही कुणी केली?" त्याने विचारलं.

"धाकट्या भावाने. तो दुसऱ्या गावी असतो आणि फोनवर फार हुशार असतो."

त्याने यादी टेबलावर ठेवून वाचली. "प्रोसेसर झकास आहे. रेसचा घोडा. मदरबोर्ड मात्र..."

"काय?"

"न्हाणीघर. घोडा पळवायला न्हाणीघर घेतलंय तुमच्या भावाने."

मामा काउंटरमागे खुसखुसले. तिला राग यायला हवा होता, आला नाही.

"हा प्रोसेसर कंपनीने सांगितलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतो," तो समजावू लागला. "त्यालाच ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. पण त्यासाठी मदरबोर्डची परवानगी लागते. सगळं मदरबोर्डवर बसतं ना... प्रोसेसर, मेमरी, वीज सगळं तिथूनच जातं. यादीतला बोर्ड ती परवानगी देतच नाही. घोडा आयुष्यभर दावणीला. पण तुम्हाला एवढा वेग हवाय कशाला? खेळायला?"

"हातांसाठी."

"म्हणजे?"

"ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांच्या शाळेसाठी मी धडे करते. चित्रातली ताई खुणांच्या भाषेत शिकवते. बी कशी रुजते, ग्रहण कसं लागतं. मी दिवसभर हातच काढते आणि हलवते. जुन्या मशीनवर ते अडखळत हलायचे, त्यामुळे खूण बरोबर झाली की नाही तेच कळत नसे. आणि खुणेत हात थरथरला, तर मुलांना अर्थच लागत नाही."

तो कप टेबलावर ठेवत होता. कप दोनदा वाजला. "मग वेग हवाच," तो म्हणाला, आणि थोडा वेळ यादीकडेच पाहत राहिला.

मग एकदम म्हणाला, "समजा, शंभर छोटी गणितं सोडवायचीत. सोळा मुलं बसवली तर झटक्यात होतील ना? पण गणित एकच असेल, लांबलचक, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी, तर सोळा मुलं काय करतील?"

"पंधरा जणं खोड्या काढतील."

"तिथे एकच चपळ मुलगी लागते. तुमचा हात म्हणजे तसलं गणित. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, मग बोटं. म्हणून सोळा सावकाश गाभ्यांचा, म्हणजे कोअर्सचा, प्रोसेसर नको. थोडे असोत, पण एकेक चपळ हवा."

"आणि त्याला जास्त पळवलं तर तो तापेल?"

"तापेल."

"बिघडेल?"

"लगेच नाही. पण थोडं कमी जगेल. दहा वर्षांऐवजी आठ, समजा."

"चालतील," ती म्हणाली. "रखडत दहा वर्षं काढण्यापेक्षा वेगात आठ बरी."

"सगळे असंच म्हणतात." तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "मशीनबद्दल."

*

प्रोसेसर पहिल्याच दिवशी ठरला. मदरबोर्ड निवडायला नऊ दिवस लागले.

खरं तर एक दुपार पुरली असती. पण तिला रोज नवी शंका येई, आणि त्याला रोज नवा बोर्ड दाखवावासा वाटे. तीन बोर्ड टेबलावर मांडून तो विचारी, "सांगा, यातला कोणता तापला तरी डगमगणार नाही?" ती प्रोसेसरच्या खाचेभोवतीचे धातूचे ठोकळे बघे. प्रोसेसरला वीज पोचवणारे भाग त्या ठोकळ्यांखाली असतात, आणि ठोकळे त्यांची उष्णता शोषून घेतात, हे त्यानेच शिकवलं होतं.

"हा. याचे ठोकळे जाड आहेत."

"शाब्बास. आणि हा का नको?"

"हा नुसता नटलाय. दिवे लावलेत, ठोकळे नावाला."

"हातवाल्या बाई, आठवडाभरात माझं दुकान घ्याल तुम्ही."

"दुकान नको," ती म्हणाली आणि बोर्डाची कड निरखत बसली.

मामांनी वर्तमानपत्र जरा जास्तच वर धरलं.

त्याची एक लकब तिला आवडायची. काही दाखवायचं असलं की तो पेन्सिल टेबलावर दाबून धरी आणि बोर्डच पेन्सिलीखाली सरकवी. बोलताना उजवा हात खिशात असे, नाहीतर स्टुलावर, मांडीखाली. तिला वाटे, काय ऐट आहे.

घरी आत्या शिलाईयंत्रावरून डोकं वर न करता विचारी, "आज तरी निवडलास?"

"कोण? म्हणजे... काय?"

"मदरबोर्ड गं. मी नवरा एका दुपारी निवडला होता."

"मग?"

"मग काय. म्हणून सांगते, तू वेळ घे."

*

दहाव्या दिवशी बोर्डाचं खोकं उघडलं. जाड ठोकळ्यांचाच. त्याने काळं झाकण काढलं, भिंग तिच्या हाती दिलं. ती वाकली. दिव्याच्या उजेडात पिना चमकल्या, वाऱ्याने एका बाजूला कललेल्या गवतासारख्या.

"सगळ्या सरळ," ती म्हणाली.

"आता प्रोसेसर कडांनी धरा. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण खाचेतल्या त्रिकोणावर आला पाहिजे. दाबायचं नाही. नुसता ठेवायचा."

तिने प्रोसेसर उचलला. बोटाच्या दोन पेरांएवढा तो चौकोन. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने तो त्याच्यापुढे धरला.

"तुम्ही बसवा."

"नाही, नाही. इथली रीत आहे."

"रीत तुमचीच आहे ना? मोडा एकदा."

"शिकायचंय ना तुम्हाला?"

"शिकले. पण हा तुमच्या हातचा हवाय मला." तिचा आवाज खाली आला. "मशीन घरी गेलं की मला इथे यायला कारण उरणार नाही. निदान... आत तुमच्या हातचं काही असू दे."

त्याने तिच्याकडे पाहिलं, पाहतच राहिला. पुढे कितीतरी महिने तिला तीच नजर आठवायची. पाण्यात उडी मारायच्या आधी माणूस काठाकडे बघतो तशी.

त्याने खिशातून उजवा हात काढला आणि प्रोसेसर घेतला.

हात खाचेवर आला आणि हलू लागला. त्याने डाव्या हाताने मनगट धरलं. तरी हलतच राहिला. ती दिवसभर हात काढणारी बाई. घाबरलेला हात कसा हलतो, थकलेला कसा, खोटं बोलणारा कसा, तिला माहीत होतं. हा त्यातला कुठलाच नव्हता. हा आपल्याच तालात हलत होता, मालकाशी काही देणंघेणं नसल्यासारखा.

ती "थांबा" म्हणणार तोच प्रोसेसर निसटला. त्याचा कोपरा पिनांवर आपटून थोडा घसरला. आवाज इतका छोटा, की टिचकीसुद्धा मोठी वाटावी.

मामा उठून आले. भिंग डोळ्याला लावलं. "चौदा-पंधरा गेल्या," ते हळू म्हणाले. "कुणाच्या हातून?"

"माझ्या," ती म्हणाली.

विचार करून ती बोलली नव्हती. पण बोलून झाल्यावर ती वाट बघत राहिली. तो काहीतरी म्हणेल... नुसतं स्वतःचं नाव तरी घेईल. तो दोन्ही हात खिशात घालून टेबलाकडे बघत उभा होता.

"होतं असं, बाळ," मामा म्हणाले. "पण रीत ती रीत. बोर्ड आता तुमचा."

*

"तुझ्या हातून वाकल्या?" आत्याने चष्म्यावरून पाहिलं. "सुईत दोरा एका झटक्यात ओवतेस तू."

आत्याने आणखी विचारलं नाही. यंत्र सुरू केलं, आणि त्या आवाजाआड तिला रडू दिलं.

बोर्डाचं तिला काही वाटत नव्हतं. अर्धे कप, मांडीखालचा हात, दाबून धरलेली पेन्सिल... सगळं समोर होतं आणि हातांची जाणकार म्हणवणारी ती त्याला ऐट समजत होती. त्याच हाताने काहीतरी कर म्हणून तिने हट्ट धरला होता. आणि तिने दोष अंगावर घेतला तेव्हा तो गप्प राहिला होता. दोन्ही सारखंच लागत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी दार वाजलं. तो उभा होता. गळ्यात भिंग.

"पिना सरळ होतात," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. "मी करू शकत नाही. तुम्ही करू शकता. मी बघून सांगेन."

आत्याने शिवणाचं टेबल रिकामं केलं, दिवा वाकवला, सगळ्यात बारीक सुई काढून दिली. "चहा टाकते," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली ती चांगला वेळ बाहेर आली नाही. चहा मात्र मधेच निमूट ठेवून गेली, दोन कप.

त्याने भिंग पुस्तकांच्या दोन चळतींवर टेकवलं, हाताने धरावं लागू नये म्हणून. ती सुई घेऊन खाली वाकली. तो भिंगातून बघू लागला. दोघांची डोकी इतकी जवळ होती, की तिला त्याचा श्वास कानापाशी लागत होता.

"तिसरी रांग. डावीकडून अकरावी पिन. ती शेजारणीवर रेललीय."

"ही?"

"तिच्या पुढची. हं. सुईचं टोक खालून घाल... उचलायचं नाही, नुसतं कलवायचं. हलू नकोस. आता... बास."

तो पहिल्यांदाच तिला एकेरी बोलला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं. दोघंही पुढच्या पिनेकडे वळली.

"चौथी रांग, नववी."

"हिला तर कंबरेतच वाकवलंयस."

"सावकाश. तुटली तर संपलं. आपल्याला घाई नाही."

चौदा पिनांना अडीच तास लागले. तो डोळा होता, ती हात. शेवटची पिन उभी राहिली तेव्हा तिची मान आखडली होती आणि त्याच्या कपाळावर भिंगाच्या कडेचा वळ उमटला होता. त्याने पुन्हा पुन्हा पाहिलं. मग मागे टेकून म्हणाला, "सगळ्या सरळ."

प्रोसेसर तिने बसवला. कूलर, मेमरी, वायरी... त्याने सांगितलं आणि तिने जोडलं. बटण दाबलं. पंखा फिरला, आणि मॉनिटरवर उजेड आला.

मग दोघं मिळून वेग वाढवत गेली. चार पूर्णांक सहा गिगाहर्ट्झ. चार पूर्णांक आठ. प्रत्येक पायरीनंतर यंत्राला कामाला जुंपायचं आणि तापमानाचा आकडा बघत बसायचं. पाच पूर्णांक एकला यंत्र गप्प होऊन बंद पडलं. "याला एवढं झेपत नाही," तो म्हणाला. पाचवर आणलं, वीज जराशी कमी केली. पाचवर ते टिकलं.

तिने चित्रातली ताई उघडली. ताईने हात उचलले आणि 'पाऊस' म्हटलं. दोन्ही पंजे खाली आले, बोटं सरसरत, कुठेही न अडखळता. हात हलेनासे होईपर्यंत तो बघत राहिला.

"आज सकाळी मामाला सांगितलं," तो म्हणाला. "पिना माझ्या हातून वाकल्या म्हणून. आणि का, तेही."

"मामा काय म्हणाले?"

"म्हणाला, मला वाटत होतं तू शहाणा झालास म्हणून शिकवतोस." तो थोडं हसला. "तीन दिवस मला घास गेला नाही. तू माझ्यासाठी खोटं बोललीस आणि मी ते चालवून घेतलं. ते झालं नसतं तर कदाचित अजूनही लपवलं असतं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"वाढत जाईल. हळूहळू. बाबांना हेच होतं. मी सात वर्षांचा होतो तेव्हा सुरू झालं. एकोणीस वर्षं आई त्यांना भरवत होती. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. फक्त... आधी त्यांना चहा पाजायचा, मग स्वतः प्यायचा. एकोणीस वर्षं तिने गरम चहा प्यायला नाही. आणि तिला ते कळलंही नाही. मला कळत होतं."

यंत्राचा पंखा घोंघावत होता.

"परवा मी बहिणीकडे जातोय," तो म्हणाला. "तिच्या गावात मोठं हॉस्पिटल आहे. तिथे एका संस्थेत शिकवायचं कामही मिळेल असं वाटतंय. शिकवायला तोंड पुरतं."

"आठ वर्षं चालतील मला," ती म्हणाली. "दहा नसली तरी."

"ते तू मशीनबद्दल म्हणाली होतीस."

"आता मशीनबद्दल म्हणत नाहीये."

तो हळू म्हणाला, "मला माहीत आहे. म्हणूनच जातोय."

टेबलाच्या कोपऱ्यात तिचा कप तसाच होता, तिसऱ्या रांगेपासून राहिलेला. वर साय धरली होती. तिने तो उचलला आणि त्याच्या डोळ्यांदेखत सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. रिकामा कप खाली ठेवला.

त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. जाताना गळ्यातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं. आत्या दारापर्यंत गेली आणि नुसतं म्हणाली, "येत जा रे."

*

तो रविवारी दुपारी फोन करी. पहिला प्रश्न ठरलेला : मशीन कसं आहे? उत्तरही ठरलेलं : पळतंय. मग तो संस्थेतल्या विद्यार्थ्यांचं सांगे. एकाने प्रोसेसर उलटा ठेवून 'बसत नाही' म्हणून कशी तक्रार केली, ते. ती धड्यांचं सांगे. ग्रहणाचा धडा शाळेत दाखवला तेव्हा मुलांनी दोन्ही हात हवेत हलवून टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांच्या पद्धतीने. गोळ्यांविषयी तो एका वाक्यात आटपे. चहा प्यायची वेळ झाली की म्हणे, "ठेवतो आता." फोनवर तो कधीच चहा पीत नसे.

एका रविवारी तो बोलता बोलता थांबला.

"पंखा ऐकू येत नाहीये. बंद पडलं का?"

"नाही. वेग उतरवला मी. कंपनीने सांगितलाय तेवढाच ठेवलाय."

"का? तापत होतं?"

"नाही. चांगलं चाललं होतं."

"मग हात अडखळत असतील."

"कधीकधी. मग मी थांबते. पुन्हा पहिल्यापासून बघते."

"पण तुलाच तर वेग हवा होता," तो म्हणाला. "रखडत दहा वर्षं नकोत, असं—"

"आता दहा हवीत. रखडत असली तरी." तिने भिंग हातात घेतलं होतं, त्याची काळी दोरी बोटाला गुंडाळत होती. "मला घाई नाही रे."

तिला वाटलं, आता म्हणेल... ठेवतो.

मग बशीचा आवाज आला. कप बशीवर टेकत होता, टेकता टेकत नव्हता, किणकिणत राहिला होता. त्याला फोन बाजूला धरता आला असता, तळव्याखाली झाकता आला असता. त्याने तसं काही केलं नाही.

आवाज जड होता. कप पूर्ण भरलेला असावा.

ती फोन कानाशी घट्ट धरून, ती किणकिण थांबेपर्यंत ऐकत राहिली.